मापने करण्यात आली

सहा वाजेपर्यंत धाकटीला प्रुफं परत पाठवायची होती, आणि पावणेचार झाले तरी भाऊचं एक वाक्य पुरं होत नव्हतं.

वाक्य साधं होतं. एकतीस वर्षांतल्या काचा कोणी मोजल्या, एवढंच वेधशाळेचा माजी संचालक म्हणून त्याने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. संपादकांना तेवढं पुरत होतं. तो कागद गेला की धाकटीच्या संशोधनाच्या पेपरवर लेखक म्हणून आत्याचं नाव दुसऱ्या जागी लागणार होतं. नाही गेला तर ते मागे आभारांत, दुर्बिणीला तेलपाणी करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसणार होतं.

आत्या टेबलाच्या टोकाला बसली होती. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली भाऊने कधीतरी कागदाची घडी सारली होती. ती आता दबली होती, त्यामुळे कुणीही तावातावाने कोपर टेकलं की आत्याच्या कपातला चहा बशीत यायचा. आज तो तिसऱ्यांदा बशीत आला होता.

"बाबा, हा चौथा कागद," धाकटी म्हणाली. "वाचून दाखवते. 'सदर कालावधीत वेधशाळेत छायाचित्र-काचांची मापने करण्यात आली.'"

"बरोबर आहे की," भाऊ म्हणाला. "खोटं काय आहे त्यात?"

"कोणी?"

"वेधशाळेत."

"कुठे ते नाही विचारलं, बाबा. कोणी?"

भाऊने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सरकारी भाषेत असंच लिहितात. अहवालात मी एकतीस वर्षं असंच लिहिलं."

"म्हणून तर आज हा रविवार असा चाललाय," भाऊची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे तिचा आवाज तीन भिंतींपलीकडेही पोचायचा. "मापनं करण्यात आली, चहा करण्यात आला, भांडी घासण्यात आली. या घरात सगळं आपोआप होतं."

थोरला हसला. थोरला वकील होता. जेवण झाल्यापासून तो दोन्हीकडून बोलत होता आणि दोन्हीकडे नकोसा झाला होता. "मी काय म्हणतो, मधला शब्द शोधू. 'सहभाग' कसा वाटतो? आत्याचा मोलाचा सहभाग. त्यात सगळं येतं."

"त्यात काहीच येत नाही," बारकी म्हणाली. बारकी त्याचीच मुलगी, गणिताच्या दुसऱ्या वर्षाला. ती मांडीवर लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी बसली होती.

 आत्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. दूरच्या एखाद्या ताऱ्याबद्दल बोलावं तसं सगळे तिच्याकडे बघत होते आणि आपापसात बोलत होते. तिला याचा वीट आला होता. भाऊचा तर आलाच होता, पण आज धाकटीचाही आला होता. तिने एक महिना प्रुफं दडवून ठेवली, 'तुला एकदम दाखवायची आहेत' म्हणून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकदम काही दाखवून घ्यायची कुणाला हौस असते?

"रजिस्टरं आहेत ना," बारकी म्हणाली. "प्रत्येक पानाखाली मोजणाऱ्याची आद्याक्षरं आहेत, आत्याआजीनंच मला सांगितलंय."

"आहेत," आत्या म्हणाली. "माझी आणि त्याची आद्याक्षरं एकच आहेत. आईवडिलांना एकाच अक्षराची हौस."

"म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, सगळं आजोबांनीच केलं?"

"वाटलंच," आत्या म्हणाली. "छान वाटलं सगळ्यांना."

भाऊने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता, हे आत्याला ठाऊक होतं आणि त्याचाही तिला त्रास व्हायचा. वाईट असता तर एव्हाना भांडून मोकळी झाली असती. गणितात पहिली येऊन ती वेधशाळेत गेली तेव्हा रात्रपाळी बायकांना देत नाहीत म्हणाले आणि तिला गणकाची जागा दिली. सात वर्षांनी भाऊ तिथेच आला, तो थेट रात्रपाळीवर, दुर्बिणीपाशी. रात्री तो आणि त्याचे सोबती आकाशाचे फोटो काचेवर काढायचे आणि दिवसा ती त्या काचा मोजायची. काचेवर आकाश उलटं असतं, पांढऱ्यावर काळे ठिपके. त्यातल्या एका ठिपक्याचा शेजारच्या ठिपक्यांशी ताळा घालून तो किती तेजस्वी ते ठरवायचं. एकदा सकाळी, एकदा जेवणानंतर, सकाळचा आकडा न बघता. मग दोन्हींची सरासरी. घरी सगळे म्हणायचे, ताई काचा पुसायला जाते. एकदा तिने साहेबांना विचारलं होतं की या ताऱ्यावर मी लेख लिहू का. साहेब दचकलेच. गणकांनी लेख लिहायची पद्धत नाही, म्हणाले.

"बाबा, तुम्हाला नक्की अडचण काय आहे?" धाकटीचा आवाज चढला. कोपर टेकलं, चहा सांडला. "आत्यानं केलं हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"मान्य आहे गं. मी कधी नाही म्हटलं?"

"मग लिहा तसं."

"लोक विचारतील ना, मग इतकी वर्षं का नाही लावलं नाव? त्या तक्त्यांसाठी मला मानपत्र मिळालंय. ते समोर भिंतीवर आहे." सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. "आता या वयात मी काय उत्तर देऊ?"

"उत्तर देण्यात यावं," बायको आतून म्हणाली.

"तू गप्प बस जरा."

"तीस वर्षं गप्पच होते. मुलांना भिंगं दाखवत होते. मलाही पुढं शिकायचं होतं, पण त्याची प्रुफं कुणी काढत नाही." ती हात पुसत बाहेर आली आणि आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "वन्सं, तुम्ही बोला की. तुमचंच चाललंय हे."

"मला आधी वाचू दे," आत्या म्हणाली. "कुणी मला कागद दिलेत का अजून?"

धाकटी ओशाळली. तिने प्रुफं पुढे सरकवली. आत्याने पर्समधून भिंग काढलं. काचांसाठी वापरायची तेच. मुठीला दोरा गुंडाळलेला. तिने शेवटचं पान आधी काढलं, कारण धाकटी आभारात काय लिहिते हे ती ओळखून होती.

"'पडद्यामागे राहून आयुष्यभर मूक सेवा करणाऱ्या माझ्या आत्यास.'" तिने भिंग खाली ठेवलं. "मी पडद्यामागे नव्हते. खिडकीजवळ बसायचे. उजेड लागायचा."

"अगं, भावना आहे ती."

"आणि मूक कोण? तुझ्या बापाला विचार."

"काढते ते," धाकटी म्हणाली. "तू दुसऱ्या जागी आलीस की ती ओळ तशीही जाणार. आधी बाबांचा कागद होऊ दे."

आत्या वाचत गेली. मनातल्या मनात तिला कबूल करावं लागलं की पोरीने काम चांगलं केलं होतं. हे अकरा हजार चारशे सहा आकडे तिने स्वतः एकेक करून बघितले होते, त्यांची आज रेघ झाली होती. तारा सावकाश उजळत होता, सावकाश मंदावत होता, जणू कुणी झोपेत श्वास घेतंय. ती एकतीस वर्षं त्या काचांवर वाकून होती आणि तिने तो श्वास असा सलग कधी पाहिला नव्हता. तिचा हात पानावर क्षणभर थांबला.

मग तिने पुढचं पान उलटलं आणि दुसरी आकृती पाहिली.

इथे रेघ अचानक खाली बसली होती. आठ महिने खालीच, मग पुन्हा जागेवर. शेजारी धाकटीने लिहिलं होतं: तारा अडीच शतांशाने मंदावला, बहुधा धुळीचा ढग आडवा आला असावा, असा ढग या जातीच्या ताऱ्यापुढे प्रथमच आढळतो आहे. पेपरचं नावच त्या धुळीवरून होतं.

आत्याने खालचे महिने वाचले, वर्ष वाचलं, आणि भिंग मिटल्या मुठीत धरून बसून राहिली.

तेवढ्यात भाऊने पेन उचललं. कदाचित बायको आत्याच्या बाजूला जाऊन बसली म्हणून असेल, किंवा भिंतीवरचं मानपत्र सगळ्यांनी एकदम पाहिलं म्हणून. त्याने पाचवा कागद ओढला आणि न थांबता लिहून काढलं. मग स्वतःच वाचलं.

"'ही सर्व मापने माझ्या भगिनीने केली.' झालं? सर्व. आता कुणाची काही तक्रार?"

धाकटीने डोळे मिटले. थोरल्याने सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "बघा, मी म्हणतच होतो." तो असं काहीच म्हणत नव्हता. बारकीने संपादकांचं पत्र उघडलं. सव्वाचार झाले होते. चहा पुन्हा ठेवायला हरकत नव्हती.

आत्याने भाऊकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो कागदावर होता. ती नुसती 'बरं' म्हणाली असती तरी सहाच्या आत ते नाव गेलं असतं. भाऊचा चेहरा एकदम हलका झाला होता, आणि तो जरा जास्तच हलका होता. त्याने दिलं होतं मोठ्या मनाने, पण देताना तिच्या पदरात आणखीही काही टाकलं होतं. आणि ते टाकताना त्याला चांगलं कळत होतं.

"सर्व नाही," आत्या म्हणाली.

"आता काय झालं?" धाकटी म्हणाली.

"दोनशे चाळीस माझी नाहीत. आठ महिन्यांची." तिने आकृतीवर बोट ठेवलं. "ही."

"आत्या, अकरा हजारांतली दोनशे चाळीस. राहू दे ना. बाबा स्वतः म्हणतायत सर्व म्हणून."

"ते म्हणतायत म्हणूनच म्हणते. आई अंथरुणाला खिळली होती, मी आठ महिने बिनपगारी रजेवर होते. आईच्या उशाशी. तेव्हा काचा याने मोजल्या."

"हो हो," भावजय म्हणाली. "घरी येऊन सांगायचे, आज महिन्याच्या तीसही काचा उरकल्या म्हणून. मला तेव्हाही उरकल्या हा शब्द खटकला होता."

"बरं, मग बाबांची दोनशे चाळीस, तुझी बाकीची," धाकटी घाईने म्हणाली. "लिहू तसं. त्यात एवढं काय?"

 पोरीचा आत्याला राग आला होता, पण तिचं काम मोडावं एवढा नव्हता.

"आपण पत्ते खेळायचो तेव्हा गुणांत अर्धा आला तर मी काय करायचे?"

"आत्याचा नियम," थोरला लगेच म्हणाला. "अर्धा आला की सम आकड्याकडे ढकलायचा. साडेतीनचे चार, पण साडेचारचेही चार. लहानपणी मी किती वेळा हरलोय त्यापायी."

"आणि तुझा बाप?"

"बाबा नेहमी वर. साडेतीनचे चार, साडेचारचे पाच."

"काचांवरही तसंच," आत्या म्हणाली. "आकडे दशांशात असतात, दोन आकड्यांची सरासरी काढली की निम्म्या वेळेला शेवटी अर्धा दशांश, म्हणजे पाच शतांश उरतो. मी सम आकड्याकडे न्यायचे, म्हणजे कधी वर, कधी खाली, शेवटी फिट्टंफाट. हा दर वेळी वर. आणि ताऱ्याच्या प्रतीचा, म्हणजे तेजाचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. ते मी तुला सांगायला नको."

 धाकटी आकृतीकडे बघत होती.

"मी परत आले तेव्हा रजिस्टर बघितलं," आत्या म्हणाली. "याला म्हटलं, दुरुस्त कर, दर वेळी वर ढकलशील तर सगळं आकाश थोडं थोडं अंधारेल. हा म्हणाला, एवढ्याशाने काय आभाळ कोसळतंय."

"असं मी म्हटलं होतं?" भाऊ पुटपुटला.

"म्हटलं होतंस. आता कोसळलंय. अडीच शतांशाने."

"एक मिनिट," बारकी म्हणाली. तिचं बोट कळांवर होतं. "सगळे आकडे इथे आहेत, प्रत्येकाचा शेवटचा अंक बघते. आत्याआजीचा नियम असेल तर शंभरांत पंच्याहत्तर सम निघायला हवेत. अर्धे आपोआप, आणि उरलेल्यांचे निम्मे."

 समोरच्या इमारतीच्या एसीचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं. भावजय खाली वाकून टेबलाच्या पायाखाली पेपरच्या जुन्या प्रुफाची घडी सारत होती.

"पंच्याहत्तर पूर्णांक एक," बारकी म्हणाली. "एकतीस वर्षं. दर वर्षी तेवढेच." मग तिने पुन्हा कळ दाबली. "आणि ते आठ महिने, एकशे एकवीस सम, एकशे एकोणीस विषम. निम्मे निम्मे."

धाकटीने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. "ती धूळ..." ती म्हणाली.

"ती धूळ नाही," आत्या म्हणाली. "तो तुझा बाप आहे."

थोरल्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घालवलं. भाऊ हसला नाही. धाकटी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

"दोन परिषदांत बोलले मी त्या धुळीवर. पेपरचं नाव धुळीवर आहे. पुढच्या प्रकल्पाचं प्रमुखपद मला या धुळीवर मिळतंय. आणि तू हे आता सांगतेस."

"तू मला आज दाखवलंस."

"सरप्राइज होतं ते."

"झालं ना मग."

धाकटी खुर्चीत बसली. आता टेबल हललं नाही. तिला वाईट वाटत होतं की राग येत होता हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आत्याला मात्र दोन्ही दिसत होतं. ती स्वतः कधीकाळी असंच तोंड करून साहेबांच्या खोलीबाहेर आली होती. फरक एवढाच की तेव्हा चूक तिची नव्हती, आणि आता या पोरीचीही नव्हती.

"गप्प बसता आलं असतं तुला," धाकटी हळूच म्हणाली. "बाबांनी 'सर्व' लिहिलं होतं. तुझं नाव गेलं असतं."

"हो. धुळीखाली."

"आणि आता? पेपरात उरलं काय?"

"पहिली आकृती," आत्या म्हणाली. "ती मी आज पहिल्यांदा पाहिली. एकतीस वर्षं त्याच्यावर वाकून होते आणि तो श्वास घेतो हे मला माहीत नव्हतं. ते तू दाखवलंस. त्याला धूळ कशाला हवी?"

धाकटीने वर पाहिलं नाही. पण तिने प्रुफं स्वतःकडे ओढली, पहिल्या पानावरच्या धुळीच्या मथळ्यावर आडवी रेघ मारली आणि बारकीला म्हणाली, "संपादकांना लिही. आठवडा मागते म्हणावं. मापनांत चूक सापडलीय... नाही, थांब. 'चूक सापडली' नको. चूक आत्यानं शोधली. तसं लिही."

आता राहिला भाऊ. तो पाचव्या कागदाकडे बघत होता. 'सर्व' या शब्दावर त्याने पेनाचं टोक टेकवून ठेवलं होतं, आणि तिथे शाईचा ठिपका वाढत होता. काचेवरच्या ताऱ्यासारखा.

"ताई, मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू परत आल्यावर सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. पण दुरुस्त करायचं म्हणजे लिहावं लागलं असतं की ते माझे आहेत. मग लोकांनी विचारलं असतं, बाकीचे कुणाचे?"

 आत्याला वाटलं होतं की हे ऐकून तिला समाधान वाटेल. तिला फक्त थकवा आला, आणि त्या थकव्याच्या मागे हा माणूस लहानपणी पाढे चुकला की असाच बसायचा हे आठवलं. त्याचा तिला पुन्हा राग आला.

"सहावा कागद घे," ती म्हणाली.

त्याने घेतला. "'ही मापने माझ्या भगिनीने...'"

"भगिनी नको. नाव घाल. आद्याक्षरं नाहीत. पूर्ण."

त्याने पेन उचललं आणि थांबला. सत्तर वर्षं तो तिला ताई म्हणत आला होता. तिचं नाव त्याने कधी कशावर लिहिलं होतं का, हे आठवण्याचा तो प्रयत्न करतोय असं वाटत होतं. मग त्याने लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं, शेवटच्या अक्षरापर्यंत. पुढे 'यांनी केली' असं लिहून त्याने कागद तिच्याकडे सरकवला.

आत्याने भिंग लावून वाचलं. नाव बरोबर होतं. ती जरा जास्त वेळ वाचत राहिली. बाजूला बसून भावजयही वाचत होती, आणि तिने हळूच आत्याच्या कोपराला कोपर लावलं.

"आता खाली तुझं," आत्या म्हणाली आणि कागद परत केला.

"'यांतील दोनशे चाळीस मापने...'" भाऊ थांबला. सवयीने हात पुढे जात होता. त्याने तो आवरला. "'...मी केली.'"

"आणि?"

"आणि काय?"

"अर्धे कुठे ढकललेस?"

"तेही लिहू?"

"लिही," आत्या म्हणाली. "नाहीतर पन्नास वर्षांनी आणखी एखाद्या पोरीला धूळ सापडायची."